हरिसाची मालकीण

सुसंस्कृत समाजात प्रत्येक कुत्र्याला मालक असावा लागतो. कुत्र्याने आगळीक केली तर कुत्र्याला दंड करता येत नाही, आणि दंड कुणालाच करता येणार नसेल तर नगरपालिका हवी कशाला? ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरच्या रास मेल्ह गावाच्या नगरपालिकेला हा विचार जरा उशिरा सुचला, पण सुचल्यावर तिने वेळ दवडला नाही. नियम निघाला. ज्या कुत्र्याला मालक आहे त्याच्या गळ्यात हिरवा पट्टा असावा. पट्टा नसलेलं कुत्रं बेवारस समजावं, आणि बेवारसांसाठी बंदूकवाले येतील. नियमात भुंकण्याचे सकारण आणि अकारण असे दोन प्रकार केले होते. (कारण पटवून देण्याची जबाबदारी मालकाची.)

भट्टीच्या गल्लीत एक कुत्री होती. तिकडच्या हरिसा नावाच्या मिरचीच्या चटणीसारखी लालभडक, म्हणून तिचं नावही हरिसा. गल्लीतल्या ऐंशी टक्के लोकांचं तिच्यावर प्रेम होतं. उरलेले वीस टक्के म्हणजे मब्रूका. (आकडे नगरपालिकेचे आहेत, बेरजेच्या भानगडीत पडू नये.)

मब्रूकाची हयात सार्डिनच्या कारखान्यात मासे डब्यात भरण्यात गेली होती. नवरा वारला, कारखाना सुटला, आणि आता चुन्याने रंगवलेला पांढराशुभ्र उंबरा एवढंच तिला जपण्यासारखं उरलं होतं. हरिसाला झोपायला नेमका तोच उंबरा आवडे. मब्रूका रोज बादलीभर पाणी ओतून तिला उठवी. पाणी सुकलं की हरिसा परत हजर.

नियमाची अंमलबजावणी करायला शादली नावाचा कारकून गल्लीत आला. कुत्र्यांना तो लहानपणापासून टरकून असे, म्हणूनच बहुधा त्याला हे खातं दिलं होतं. कॅफेवाल्या हादीने त्याला चहा पाजला आणि हरिसाचे गुण गायले. चोर म्हणून गल्लीत फिरकत नाही, मिठागराकडची रानटी कुत्री वेशीवरूनच माघारी जातात. मुनजी मास्तर म्हणाले की अशी इमानदार कुत्री त्यांनी फक्त पुस्तकात वाचली आहे.

"मग कुणाची म्हणून लिहू?" शादलीने विचारलं.

"लिहायचं काय त्यात? सगळ्यांची आहे," हादी म्हणाला.

"सगळ्यांची असली तर सगळ्यांनी सह्या करा."

यावर हादीला चुलीवर ठेवलेलं दूध आठवलं. मास्तरांनी मालकी ही संकल्पनाच मुळात कशी अन्यायाची आहे ते समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता ते घरी पोचले. गल्लीतली दारं एकेक करून अदबीने लागली. शादलीने 'बेवारस' असं लिहिलं आणि बंदूकवाले गुरुवारी येतील असं बजावलं.

मब्रूका उंबऱ्यापाशी बादली घेऊन उभी होती. त्या घटकेला तिला कुत्रीची कीव आली असं म्हणणं चूक ठरेल. तिला शेजाऱ्यांचा राग आला होता. पण शादलीच्या कागदावर दोन्हींना एकच रकाना होता.

"खोड ते," ती म्हणाली. "माझी आहे."

"खाला, तू तर तिच्यावर पाणी ओततेस."

"तुझी आई तुला आंघोळ घालत नव्हती का?"

हरिसाच्या गळ्यात पट्टा पडला. गल्लीने मब्रूकाचं तोंड भरून कौतुक केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून भाकरीचा तुकडा टाकणं बंद केलं. परक्याच्या कुत्र्याला खायला घालणं बरं दिसत नाही. आता मालकीण सापडली होती, तेव्हा जुनी नुकसानंही डोकं वर काढू लागली. कुणाची चप्पल, कुणाची कोंबडी. मुनजी मास्तरांनी फाटक्या गालिच्याची भरपाई मागितली. तो हरिसाच्या जन्माआधी फाटला होता, पण मास्तरांचं म्हणणं, प्रश्न तत्त्वाचा आहे.

नियमाप्रमाणे पट्टेवाल्या कुत्र्याला बांधून ठेवावं लागे. मब्रूकाने तिला अंगणातल्या अंजिराला बांधलं. हरिसा दिवसभर दाराकडे तोंड करून बसे. मब्रूका जेवणातल्या कुसकुसच्या सांज्यामधलं माशाचं डोकं तिच्यापुढे ठेवी आणि सांगे, "तुझ्यासाठी नाही हं, वाया जाऊ नये म्हणून." असं सांगता सांगता ती हळूहळू माशाचं डोकं स्वतःसाठी राखून मधला तुकडाच तिला वाढायला लागली. नवरा गेल्यापासून त्या घरात कुणाला काही समजावून सांगायचा प्रसंगच आला नव्हता.

आणि मग जे व्हायचं ते झालं. गल्ली मोकळी पाहून मिठागराकडची रानटी कुत्री आत शिरली. कॅफेत खुर्च्या लावणाऱ्या हादीची पोटरी त्यांनी फोडली. हादीने तक्रार केली, आणि नोटीस आली ती मब्रूकाला. दंड भरावा आणि चावरी कुत्री बंदूकवाल्यांच्या हवाली करावी.

ती नोटीस घेऊन मब्रूका शादलीसमोर उभी राहिली. हरिसा त्या वेळी अंजिराला बांधलेली होती, हे तिने सांगितलं. शादलीने मान हलवली. त्याला ते ठाऊक होतं.

"मग?"

"खाला, रानटी कुत्र्यांना पत्ता नाही," तो खालच्या आवाजात म्हणाला. "नोटीस पत्त्यावरच जाते. भट्टीच्या गल्लीत कुत्र्याची मालकीण म्हणून एकच नाव आहे."

"हादीने सांगितलं तर? चावली ती हरिसा नव्हती म्हणून?"

"तर होईल रद्द."

हादीने पाय उशीवर ठेवून सगळं ऐकून घेतलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हरिसा निर्दोष आहे याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पण सही केली तर भरपाई मागायची कुणाकडे? इतरांनीही ते चावणं डोळ्यांनी पाहिलं होतं, पण लेखी पाहिलं नव्हतं.

मब्रूकाने वाद घातला नाही. तिने भाऊ अम्मारला निरोप धाडला. त्याची ऑलिव्हची बाग नगरपालिकेच्या हद्दीबाहेर होती. तिथे कुत्री नुसती कुत्री असतात. अम्मार टेम्पो घेऊन आला. गादी, पातेली आणि हरिसा मागे चढली. चाळीस वर्षांच्या घराचं कुलूप मब्रूकाला लागेना, तेव्हा चावी मास्तरांनी फिरवून दिली. तेवढी मदत त्यांनी जरूर केली.

निरोपाला सगळी गल्ली लोटली होती. बायकांनी बदामाच्या वड्या बांधून दिल्या. मास्तरांनी माणुसकीवर भाषण केलं. हादी तर काठी टेकत आला आणि हुंदके देऊन रडला. टेम्पो वळेपर्यंत सगळे हात हलवत होते. सही करायला मात्र त्यातला एकही हात मोकळा नव्हता.

हे वाचून तुम्हालाही मब्रूकाबद्दल फार वाटलं असेल. भट्टीच्या गल्लीतही सगळ्यांना फार वाटलं होतं.