हीटरच्या पंख्याचं गणित

सासूबाईंना दवाखान्यातून घरी आणायच्या दिवशीच गाडीच्या हीटरचा पंखा बंद पडला. न्यूमोनियाने दहा दिवस खाटेवर काढलेल्या त्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, "छातीला गारवा लागता कामा नये." आणि बाहेर थंडी अशी, की बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

जावई गणिताचे मास्तर. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, यावर त्यांचा विश्वास. त्यांनी फ्यूज काढून उजेडात धरला. फ्यूज धडधाकट. बटण एकपासून चारपर्यंत फिरवलं, गरमगारचा गोल खटका लाल-निळ्या खुणांमध्ये चार वेळा इकडून तिकडे नेला. पंखा ढिम्म.

"अहो, अकराला पोचायचंय," असं म्हणत बायको आत बसली आणि तिने दार धाडकन लावलं. पंखा घरघरत सुरू झाला.

मास्तर चक्रावले. "दार उघड आणि पुन्हा लाव."

तिने उघडलं. पंखा बंद. हळूच लावलं. बंदच.

"मघाशी लावलंस तसं लाव."

"मघाशी मी रागाने लावलं होतं."

"मग आता रागाने लाव."

"ठरवून राग कसा येईल?" ती म्हणाली. "पण थांबा, येतोय."

दार दणकलं. पंखा सुरू. मास्तरांनी वहीत लिहिलं, 'दाराच्या वायरचा दोष'. पण कोपऱ्यावर डावीकडे वळताच पंखा थांबला आणि गतिरोधकावर गाडी आदळल्यावर पुन्हा लागला. मास्तरांनी आधीची ओळ खोडली. पुढच्या गतिरोधकावर मात्र चालू पंखा थांबला. तेव्हा त्यांनी वहीच मिटली आणि मेकॅनिकला फोन लावला.

"मोटरचे ब्रश झिजलेत," मेकॅनिक म्हणाला.

"पंख्याला ब्रश कशाला?"

"कार्बनचे असतात, सर, मोटरच्या आत. ते चिकटले की पंखा थांबतो, हादरा बसला की चालतो. मी तीन दिवस बाहेरगावी आहे. तोवर डाव्या सीटच्या पायाशी, डॅशबोर्डखाली एक लाथ मारा."

"गाडीला लाथ?"

"प्रेमाने मारा."

दवाखान्यात नर्सबाई वैतागून बसल्या होत्या. "आजी खाटेवरून पाय खाली टेकवत नाहीत. व्यायाम सांगितला की डोळे मिटतात." सासूबाईंनी डोळे मिटले. शेवटी चाकांच्या खुर्चीतून त्यांना गाडीपर्यंत आणलं. मागे बसलं की त्यांना मळमळायचं, म्हणून त्या पुढे, डाव्या सीटवर बसल्या. त्यांची लेक मागे बसली. पहिल्याच वळणावर पंखा थांबला.

पुढे बसलेल्या मास्तरांचा पाय क्लचवर आणि मागे बसलेल्या बायकोचा पाय तिथवर पोचणारच नव्हता.

"आई," मास्तर कसेबसे म्हणाले, "पायाशी जरा लाथ मारता का?"

"कुणाला?"

"पंख्याला."

सासूबाईंनी लेकीकडे वळून पाहिलं. "याला बरं नाहीये का गं?"

पण त्यांनी टाच टेकवली. काही झालं नाही. थोड्या जोराने मारली. पंखा घरघरला. सासूबाईंच्या चेहऱ्यावर दहा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हललं.

मग प्रत्येक वळणावर पंखा थांबे आणि त्या मारीत. "ही नर्सबाईंना," त्या म्हणत. "ही अळणी जेवणाला. ही त्या सुया टोचणाऱ्याला." अर्ध्या वाटेवर त्यांना घाम फुटला आणि त्यांनी शाल काढली. घर जवळ आलं तेव्हा पंखा चालू असतानाच त्यांनी एक सणसणीत लाथ हाणली.

"ही कुणाला?" लेकीने विचारलं.

"गाडी बघून चालव, म्हणावं," त्या म्हणाल्या.

दारात त्या स्वतः उतरल्या आणि कुणाचा हात न धरता चार पायऱ्या चढून गेल्या. मास्तर मागे राहिले. आपले गुडघे का बधिर झालेत, हे त्यांना कळेना. त्यांनी पंख्यासमोर हात धरला. बर्फासारखी हवा. खटका निळ्या खुणेवर होता. सकाळी फिरवताना तिथेच राहिला होता. वाटभर पंखा गारवाच फेकत होता. मग सासूबाईंना घाम कशाचा आला, हे गणित ते बराच वेळ तिथेच उभं राहून सोडवत होते.

दोन दिवसांनी फेरतपासणी होती. सासूबाईंनी मेकॅनिकला परस्पर फोन करून कळवलं होतं, "सावकाश या, घाई नाही." डॉक्टरांनी त्यांची छाती तपासली. "एकदम मोकळी. चालताही छान येतंय." तेवढ्यात मागून मास्तर सलग पाच वेळा शिंकले. डॉक्टरांनी त्यांना बसवलं, छातीला नळी लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"तुम्हाला चांगलीच थंडी बाधलीय. गाडीत हीटर लावत नाही का?"

मास्तरांनी उत्तरासाठी तोंड उघडलं आणि सहावी शिंक आली.

"लावतो ना," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "पण लाथा सगळ्या मीच मारते. त्याला व्यायाम कुठून होणार?"