सासू काढून बघा

सूनबाईंचा हेडफोन नेमका मिटिंगच्या वेळीच बंद पडला आणि पुढचा सगळा तमाशा स्पीकरवरून घडला.

सूनबाई इमारतींच्या इंजिनिअर, काम घरूनच. छपराचा आराखडा गणित करून मांडणारा एक प्रोग्रॅम त्यांनी लिहिला होता आणि इंटरनेटवर सगळ्यांना खुला ठेवला होता. कोणीही घ्यावा, सुधारावा, फुकट वापरावा. लिहिताना मधल्या मोठ्या तुळईला नाव सुचेना, म्हणून गमतीत 'सासू' दिलं. बाजूच्या दोन तुळया ओघानंच 'जावा' झाल्या. बदलू, बदलू म्हणताना नावं राहून गेली आणि कुठकुठले इंजिनिअर गंभीर चेहऱ्यानं सासूची लांबी-रुंदी विचारू लागले.

आज त्याच प्रोग्रॅमवर बेतलेल्या वाचनालयाच्या छपराला मुख्य इंजिनिअर होकार देणार होते. नाही म्हणाले, तर सूनबाईंची वर्षभराची मेहनत पाण्यात. आणि खऱ्या सासूबाई त्याच खोलीत चादरींच्या घड्या घालत बसल्या होत्या.

"सासू मधोमध वाकतेय," स्पीकरमधून पहिलाच आवाज आला.

सासूबाईंनी पाठ ताठ केली.

सासू जाड आहे, उजेड अडवते, अशी आर्किटेक्टबाईंची तक्रार होती. सूनबाई आवाज कमी करायला धावल्या आणि घाईत तो वाढवून बसल्या.

"मी म्हणते, सासू काढूनच टाकू," आर्किटेक्टबाई खोलीभर घुमल्या. "दोन्ही जावा घेतील सांभाळून."

मुख्य इंजिनिअरांनाही ते पटू लागलं. सूनबाईंना घाम फुटला, पण वर्षभराच्या कामापुढे लाज कसली? "सासू काढली तर अख्खं छप्पर खाली येईल," त्या ठणकावून म्हणाल्या. कुणाला ते खरं वाटेना.

सासूबाई हातातली चादर घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "काढून बघा म्हणावं," त्या शांतपणे म्हणाल्या.

सूनबाईंनी सगळ्यांसमोर तुळई पुसली. पडद्यावरचा आराखडा लालेलाल झाला, जावा मोडल्या आणि छप्पर थेट पुस्तकांच्या कपाटांवर येऊन बसलं.

"सासूला कुणीही हात लावायचा नाही," मुख्य इंजिनिअर म्हणाले. "आराखडा आहे तसा मंजूर."

सूनबाईंना नाचावंसं वाटलं. मिटिंग संपते न संपते तोच ऐकणाऱ्यांपैकी कुणा इंजिनिअरनं खुल्या प्रोग्रॅममध्ये सूचना लिहूनही टाकली, की सासू काढू नये.

सासूबाईंनी ती दोनदा वाचली आणि खुर्ची ओढून बसल्या. "आणि ही पुढची नक्षीदार भिंत कोण?"

सूनबाई पडद्याकडेच बघत म्हणाल्या, "तुमचे चिरंजीव. भार अजिबात घेत नाहीत. दिसायला बरे."

सासूबाईंनी पुढे वाकून भिंत नीट न्याहाळली.

"बरोबर ओळखलंस," त्या म्हणाल्या. "पण राहू दे. बांधकाम माझं आहे."