ख-३१२, उपयोग अज्ञात

सरळ सांगतो, चोरी सरकारनेच केली. तुम्हीच केली, वर बसलेल्यांनी, ज्यांच्या सहीने एका राज्याची दोन झाली. राज्य तोडा, जंगलं वाटा, खुर्च्या वाटा, आमचं काही म्हणणं नाही. पण यज्ञेश्वर सातपुतेचा व्हिडिओ गेम तुमच्या बापाचा होता काय?

यज्ञेश्वर भोपाळच्या एका सरकारी खात्यात बाबू होता. वय चौतीस, मिशी जाड, अक्षर सुरेख. नवं राज्य झालं, यादी निघाली आणि त्याचं नाव रायपूरच्या रकान्यात पडलं. बायको रमा भोपाळात शाळेत शिकवायची. परीक्षा होईपर्यंत तिची सुटका नव्हती, म्हणून घरचं सामान तिच्यासोबत एप्रिलात यायचं होतं. यज्ञेश्वरने सोबत न्यायला एकच खोकं बांधलं. त्यात टीव्हीला जोडायचा गेम, दोन रिमोट आणि एक कॅसेट. कॅसेटमध्ये एक माकड होतं आणि त्याला उड्या मारत, शेपटीने लटकत नदीपार न्यायचं होतं. चार वर्षं रोज संध्याकाळी नवरा-बायको ते माकड नेत होते आणि चार वर्षं ते अकराव्या लेवलला, मोडक्या पुलाखालच्या तीन मगरींच्या तोंडी जात होतं.

"मी येईपर्यंत अकरावं पार करून ठेवा," रमाने निघताना बजावलं. "नाही तर मी तिथं येऊन करून दाखवीन. अन् तुमच्या ऑफिसात सांगीन, माह्या नवऱ्याले मगरीनं खाल्लं म्हणून."

रेल्वेत खोकं दबेल म्हणून त्याने ते ऑफिसच्या ट्रकात टाकायला आणलं आणि तिथेच घात झाला. वाटणीचा हुकूम असा होता की ऑफिसात जे जे दिसेल त्यावर पांढऱ्या रंगाने नंबर टाकायचा. रंगाचा डबा घेतलेल्या शिपायाने खुर्च्या रंगवल्या, पंखे रंगवले, पाण्याचा माठ रंगवला. यज्ञेश्वर चहा पिऊन परत येईपर्यंत खोकंही रंगलं होतं: ख-३१२. यादीत नोंद होती, 'यंत्र, काळे, एक. उपयोग अज्ञात.' नंबर पडला की वस्तू सरकारची. नंबर पुसला की गुन्हा.

रायपूरचं ऑफिस एका बंद पडलेल्या वसतिगृहात थाटलं होतं. बाबू लोक दुमजली पलंगांच्या खालच्या मजल्यावर फायली घेऊन बसायचे. अधीक्षक अनंतराव साहेबांची केबिन म्हणजे जुनं स्वयंपाकघर. त्यांच्या खुर्चीमागे, जिथे भिंतीला भोक पाडून पलीकडच्या जेवणघरात थाळ्या सरकवत असत, तिथे आता नव्या राज्याचा मोठा नकाशा टांगला होता. जेवणघराचं झालं होतं भांडारगृह. ट्रकातलं सामान आणि वसतिगृहाचा जुना रंगीत टीव्ही आत कोंडून दाराला लाखेचं सील ठोकलं होतं.

अनंतराव ब्राह्मणपाऱ्याचे, म्हणजे रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीतले. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या काळात इकडे आले होते आणि अनंतराव हे असं सांगत जसे काही तेही सोबत घोड्यावर होते.

"सातपुतेजी, खोकं तुमचं आहे हे मी मानतो," ते म्हणाले. "पण मी मानून काय होते? लेखी द्या."

"काय लिहू साहेब?"

"यंत्र कशाचं आहे ते लिहा."

इथे यज्ञेश्वर अडला. गोल बाजारात दुसरा गेम विचारायला तो एकदा गेला होता, तर दुकानदाराने विचारलं होतं, "बच्चा कितने साल का है, भैया?" चौतीस म्हणायची त्याची हिंमत झाली नव्हती. ऑफिसात तर प्रश्नच नव्हता. त्याने लिहून दिलं, 'हातांच्या बोटांच्या व्यायामाचे यंत्र.'

अनंतरावांनी अर्ज दोनदा वाचला. मग चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. भोपाळहून आलेल्या माणसाकडे रायपुरात तेव्हा असंच पाहत. हा इथे काम करायला आला की तिकडे बातम्या पोचवायला?

"बोटांचा व्यायाम," ते हळूच म्हणाले. "समिती बसवावी लागेल."

समिती तिघांची बसली. अनंतराव अध्यक्ष. पूर्णिमा देशकर सदस्य. ही टंकलेखक पोट्टी घरची मराठी, पण उत्तर हिंदीतच द्यायची. तिसरा शिपाई धर्मपाल, कारण भांडाराच्या किल्ल्या त्याच्याकडे. बैठक रोज पाच वाजता, अध्यक्षांच्या केबिनमध्ये, दार आतून लावून.

पहिले आठ दिवस यज्ञेश्वर भारावून गेला. आपल्या एका खोक्यासाठी तीन माणसं रोज सात वाजेपर्यंत थांबतात! नवं राज्य म्हणजे असं पाहिजे. मग महिना गेला. दोन गेले. फेब्रुवारीत विचारलं तर, "तपासणी सुरू आहे." मार्चमध्ये विचारलं तर, "प्रकरण गुंतागुंतीचं आहे, सातपुतेजी. आम्ही पुलापर्यंत पोचलो आहो."

"कोणत्या पुलापर्यंत?"

अनंतराव खोकले. "म्हणायची पद्धत असते."

त्या दिवसापासून यज्ञेश्वरच्या मनात पाल चुकचुकायला लागली. त्याच्या संध्याकाळी तशाही मोकळ्या होत्या. ब्राह्मणपाऱ्यातली भाड्याची खोली, एक खाट, एक बादली आणि समोरच्या देवळाची घंटा. तो रिकाम्या हातांनी खाटेवर बसायचा आणि त्याचे अंगठे आपोआप हवेत हलायचे. शेजाऱ्यांनी मुलांना त्याच्या दाराजवळ खेळायला मनाई केली होती.

आता तो पाच वाजल्यावरही ऑफिसात रेंगाळायला लागला. तेव्हा एकेक गोष्ट दिसायला लागली. नकाशाची खालची कड चुरगळलेली होती. अख्खा बस्तर दुमडून गेला होता. अनंतरावांच्या पोटावर सदऱ्याला चुन्याचा आडवा पट्टा. बंद भांडारातून मधमाशीसारखी गुणगुण. आणि मीटरखालच्या बटणाशी चिकटवलेला नवा कोरा कागद, 'यह स्विच बंद न करें. आज्ञा से.'

"धर्मपाल, आत काय गुणगुणून राहिलं रे?"

"मुसवा हे साहेब."

"उंदीर असा एका सुरात गाते काय?"

"सरकारी मुसवा हे," धर्मपाल म्हणाला आणि सटकला.

पण खरा घाव पगाराच्या दिवशी बसला. अनंतरावांनी सही केली ती पेन दोन बोटांत धरून, अंगठा बाजूला ठेवून. अंगठ्याला बाम चोळलेला होता. यज्ञेश्वरने झटकन पूर्णिमाकडे पाहिलं. तिच्या अंगठ्याला पट्टी.

"दीदी, अंगठ्याले काय झालं?"

"टाइपिंग से।"

"टायपिंगमधी अंगठा फक्त जागा सोडायले लागते. तुम्ही दिवसभर जागाच सोडून राहिल्या काय?"

पूर्णिमाने यंत्रावर झाकण घातलं आणि पाणी प्यायला गेली. धर्मपाल रजिस्टर घेऊन आला. त्याच्या अंगठ्यावर पट्टीवर पट्टी, तिच्यावर चिंधी. अंगठा कसला, पेरू झाला होता. अंगठ्याला असा फोड कशाने येतो हे चार वर्षं गेम खेळलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

त्याच दुपारी रमाचा ऑफिसात फोन आला. "परीक्षा आटोपल्या. रविवारी येऊन राहिली. अकरावं झालं न?"

"होऊन राहिलं," यज्ञेश्वर म्हणाला.

"तुमचा आवाज काहून असा येते?"

"लाइन खराब आहे," म्हणून त्याने फोन ठेवला.

पाच वाजून पाच मिनिटांनी त्याने अध्यक्षांच्या दारावर लाथ घातली. आत धडपड झाली, काहीतरी फाटल्याचा आवाज आला आणि दार उघडलं. तिघं रांगेत उभे. मागच्या नकाशाची उभी चिरफाड झाली होती आणि फटीतून निळा उजेड येत होता.

"भांडार उघडा. आत्ता."

"सील आहे सातपुतेजी. लेखी द्या."

"दाराचं सील राहू द्या!" यज्ञेश्वरने नकाशा बाजूला केला, थाळ्यांच्या भोकातून मान, मग खांदे, मग बाकीचं घातलं आणि पलीकडे सरकारी सतरंजीवर आदळला.

सतरंजीभोवती फुटाण्याची सालं होती. समोर टीव्ही, तापलेल्या तव्यासारखा. त्याला जोडलेला ख-३१२. पडद्यावर माकड एक पाय हवेत उचलून गोठलं होतं आणि वर लिहिलेलं होतं, लेवल सतरा.

यज्ञेश्वरने डोळे चोळले. सतराच. त्याचा हात रागाने बटणाकडे गेला.

"झन बंद करव साहेब!" भोकातून धर्मपाल ओरडला. त्याच्या खांद्यावरून पूर्णिमा ओरडली, "नहीं भैया, प्लीज! सेव नहीं होता! मंगलवार से चालू रखा है!"

रुंद भोकाच्या एका कडेला अनंतराव अर्धे आत, अर्धे बाहेर अडकले होते. "सातपुतेजी, मी माफी मागतो," ते तिथूनच म्हणाले. "पहिल्या दिवशी खरंच फक्त तपासणी होती हो. खोकं न्या. टीव्ही पण न्या. तक्रार करा, मी स्वतः वर पाठवतो. सस्पेंड झालो तरी चालेल, पण बटण नका दाबू!"

यज्ञेश्वरने बटणावरचा हात काढला नाही. चार वर्षं. तीन मगरी. रविवारची गाडी. तो खोलीतल्या पडद्याकडे पाहत राहिला आणि मग भोकातल्या तीन तोंडांकडे.

"चोरीचं मंग पाहू," तो म्हणाला. आवाज इतका शांत होता की अनंतराव आणखी घाबरले. "पहिले मले एक सांगा. अकराव्या लेवलचा पूल. खालून तीन मगरी. कोणी पार केला?"

अनंतरावांनी मान धर्मपालकडे वळवली. पूर्णिमानेही वळवली. दोघांच्या मधे धर्मपालने तो पेरूएवढा अंगठा हळूच पाठीमागे नेला.

"धर्मपालजी," यज्ञेश्वर म्हणाला. जन्मात पहिल्यांदा कोणी त्या शिपायाला ऑफिसात जी लावलं होतं. "कसा पार केला? उडी पहिले का शेपटी पहिले? उत्तर द्या. अन् लेखी द्या!"