आदर्श दवाखान्याच्या दारात म्हैस

ज्या सकाळी गुलाबरावांच्या म्हशीचं पोट फुगलं, त्याच सकाळी गावातल्या जनावरांच्या दवाखान्याची 'आदर्श दवाखाना' पुरस्कारासाठी तपासणी होती. या दोन बाबी एकाच दिवशी उद्भवू नयेत, याची दक्षता वरिष्ठ पातळीवरून घेतली जायला हवी होती. परंतु म्हशींना परिपत्रक पाठवण्याची पद्धत अद्याप सुरू झालेली नसल्यामुळे, तिनं आदल्या संध्याकाळी ओला लसूणघास हावऱ्यासारखा खाल्ला आणि उजाडेपर्यंत तिची डावी कूस नगाऱ्यासारखी तट्ट झाली.

सुलतानपूरहून मेहकरकडे जाताना एका फाट्यावरून आत वळलं की हे गाव लागतं. दवाखान्याच्या सुशोभन समितीचे अध्यक्ष खुद्द गुलाबराव. ते अध्यक्ष होण्यापूर्वी तिथं पत्र्याचं छप्पर, उखडलेली फरशी आणि जनावर अडवून धरायचा लोखंडी खोडा, एवढंच होतं. गुलाबरावांनी वर्गणी काढून कायापालटच केला. आरशासारख्या टाइल्स बसवल्या. पशुपालकांसाठी सोफा, टीव्ही आणि थंड पाण्याचं यंत्र आलं. खोड्याला गुलाबी रंग देऊन त्यावर मधुमालतीचा वेल चढवला. तो असा बहरला की खोड्यात बैल उभा करणं म्हणजे वृक्षतोड ठरली असती.

मग अडचण एकच उरली. जनावरं.

ती टाइल्सवर शेण टाकत. समितीनं ठराव केला की जनावर फाटकापर्यंतच आणावं. तेव्हा ती फाटकात शेण टाकू लागली. मग ती रस्त्यापलीकडच्या निंबाखाली बांधायचं ठरलं. पण समोरून फोटो काढला की नेमकं एखादं शेपूट मध्ये यायचं. शेवटी गुलाबरावांनीच तोडगा काढला. जनावरानं घरीच राहावं, मालकानं स्वच्छ कपडे घालून यावं आणि दुखणं तोंडी सांगावं. लोक येईनासे झाले. 'परिसरातील जनावरांच्या आजारांत लक्षणीय घट,' असा अहवाल वर गेला आणि दवाखाना पुरस्काराच्या अंतिम फेरीत पोचला.

तर त्या सकाळी गुलाबराव आपला नियम पाळून एकटेच दवाखान्यात आले. अंगात इस्त्रीचा कुर्ता, डोळ्यांत मात्र पाणी. म्हैस दुसऱ्यांदा गाभण होती आणि घरात तिच्याशिवाय कुणाशी त्यांचं फारसं पटत नसे.

फाटकावर दयाराम परिचर नवा गणवेश घालून उभा होता. "चपला इकडं काढा, भाऊ. अन् तुमचाच हार तुमीच घेऊन जा, पावन्याईले घालाले."

"हार ठेव बे तिकडं. मॅडम कुठं हायेत? म्हैस फुगली माही."

"मॅडम आत पथकाले सुविधा दाखवून राह्यल्या. टीव्हीपर्यंत आल्या असतीन."

डॉक्टर समता गवई बाहेर आल्या. कामाला चोख बाई. नोकरीवर हजर झाल्यापासून मधुमालतीला पाणी घालण्यापलीकडे त्यांना फारसं काही करू दिलेलं नव्हतं. गुलाबरावांनी दोन्ही हातांनी म्हशीच्या पोटाचा आकार दाखवला.

"श्वास कसा घेतेय? जीभ बाहेर काढतेय का?"

"आता मी काय जीभ काढून दाखवू? काढते कधीमधी."

"गुलाबभाऊ, असं ऐकून नाही चालणार. ताबडतोब इथं आणा तिला."

गुलाबराव दचकले. "इथं? आज? मॅडम, सायेब आत हायेत!"

"मग मी येते तुमच्या घरी."

पण पथकप्रमुख दारात येऊन ठेपले होते. रुबाबदार गृहस्थ, पांढरे बूट. ते सौम्यपणे म्हणाले, "तपासणी चालू असताना वैद्यकीय अधिकाऱ्यांनी जागा सोडली, तर रुग्णसेवेचे गुण जातील."

"सर, रुग्णाकडेच जायचंय."

"तेच म्हणतोय मी. रुग्णसेवा ही दवाखान्यात दिसायला हवी."

म्हणजे डॉक्टर म्हशीकडे जाऊ शकत नव्हत्या आणि म्हैस डॉक्टरांकडे येऊ शकत नव्हती. दोन्ही व्यवस्था निर्दोष होत्या. गुलाबरावांनी पथकप्रमुखांना हार घातला आणि ते सोफ्यावर बसले. टीव्हीवर दुभत्या जनावरांची निगा कशी राखावी, यावर चित्रफीत चालू होती. गुलाबरावांना ती धड दिसेना.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. गुलाबरावांच्या पत्नी जनकाबाई पदर खोचून येत होत्या. एका हातात कासरा, मागं धापा टाकणारी म्हैस.

दयारामनं हात आडवे केले. "वयनी, नियम हाये. जनावर आनता येत नाही."

"मंग काय धुणं आनू दवाखान्यात? सरक बाजूले!"

"अवो, थांबा!" गुलाबराव धावत आले. "रांगोळी हाये तिथं! शाळंतल्या पोरीईनं पहाटंपासून काढली."

"रांगोळी उद्या बी काढता येते. म्हैस काढता येते का?" जनकाबाईंचा आवाज एकदम चिरकला. "पाहा तिच्याकडं एकडाव. घरी आडवी पडून राह्यली होती. मेली असती आतालोक."

गुलाबरावांनी पाहिलं. म्हशीनंही मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. अध्यक्ष पथकप्रमुखांकडं वळले.

डॉक्टर समतांनी मात्र कुणाचीच परवानगी मागितली नाही. "दयाराम, नळी आणि तेल आण. वेल तोड आधी!" विळ्याच्या चार घावांत मधुमालती खाली आली. गुलाबी खोड्यात प्रथमच एक रुग्ण उभा राहिला. डॉक्टरांनी तिच्या तोंडातून नळी पोटात घातली आणि आतली हवा फुसफुसत बाहेर पडू लागली. वास असा सुटला की पथकातले दोन सदस्य सुविधांची पाहणी करायला मागच्या अंगणात गेले. मग तेल आणि औषध पाजून डॉक्टर कूस चोळत राहिल्या. बऱ्याच वेळानं कूस सैल पडली.

जनकाबाईंनी म्हैस बाहेर काढली. फाटकापाशी ती थांबली, शेपूट उचललं आणि रांगोळीतल्या 'सुस्वागतम्' या अक्षरांवर मोकळी झाली. ढीग भरपूर होता. काही शिंतोडे पांढऱ्या बुटांपर्यंत पोचले.

"वाचली!" डॉक्टर ओरडल्या. जनकाबाईंनी त्यांचे ओले, घाण हात आपल्या कपाळाला लावले. गुलाबराव म्हशीच्या गळ्यात पडून हुंदके देऊ लागले.

पथकप्रमुख बुटांकडं पाहत होते. "दवाखान्यात जनावर," ते खेदानं म्हणाले, "हे अपेक्षित नव्हतं."

पुरस्कार दुसऱ्या गावाला गेला. त्या गावच्या दवाखान्याचं उद्घाटनच व्हायचं होतं, त्यामुळे तिथं अस्वच्छता औषधालाही सापडली नाही.

पुढच्या आठवड्यात समितीची बैठक गुलाबरावांच्या ओसरीवर भरली. डॉक्टर समता गवई यांनी सार्वजनिक सुशोभनाचं नुकसान केलं, सबब त्यांची बदली व्हावी, असा ठराव मांडला गेला. जनकाबाई चहा घेऊन आल्या. दूध त्याच म्हशीचं होतं.

"अवो, जिनं म्हैस वाचवली, तिचीच बदली मांगून राह्यले तुमी?"

गुलाबरावांनी बशीत चहा ओतला. आवाज खाली होता, पण ठाम होता. "म्हैस माही हाये, जनका. पुरस्कार गावाचा होता."

हे ऐकून सभा भारावली. स्वतःच्या म्हशीपलीकडं पाहणारा अध्यक्ष कुठं मिळतो? सगळे हात वर गेले. जनकाबाईंनी उरलेला चहा अंगणातल्या निंबाच्या बुडाशी ओतला आणि त्या दिवसापासून समितीला कोरा चहा मिळू लागला.

डॉक्टर समता दूरच्या एका आडगावी गेल्या. तिथल्या दवाखान्याच्या भिंतींचे पोपडे उडालेत, दारात सदा शेणाचा सडा असतो. गुलाबरावांच्या गावातलं जनावर आजारी पडलं की लोक ते टेम्पोत घालून मुकाट तिकडं नेतात. म्हैस व्यायची वेळ आली तेव्हा गुलाबरावही घेऊन गेले. तिथल्या अस्वच्छतेबद्दल मॅडमना दोन शब्द सुनावूनच परतले.

यंदा मात्र पुरस्कार त्यांच्याच गावाला मिळाला. फोटो सगळीकडे फिरला: चकचकीत टाइल्स, पुन्हा फुललेला वेल, फेटे बांधलेली समिती. तुमच्याही मोबाइलवर आला होता. 'आपल्याकडंही असा दवाखाना हवा,' असं लिहून तुम्ही तो पुढं पाठवलात. त्या जनावरांच्या दवाखान्यात एकही जनावर नव्हतं, हे तुमच्या लक्षात आलं नाही.