बाईसाहेबांच्या झोपाळ्याची आणि बिम विद्येची हकीकत

श्रीगजाननास नमन, गवंड्याच्या ओळंब्यास दंडवत, गुण्यास साष्टांग. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सर, ते समयी राज्यात वर्तमान ऐसे जाहले जे, महाराजांच्या राणी मैनाबाईसाहेब रुसोन माहेरी गेल्या. कारण विचाराल तर झोपाळा. नव्या महालाच्या सज्जात झोपाळा असावा आणि खाडीचा वारा अंगावर यावा, एवढीच त्यांची हौस. तो टांगिला, आणि बाईसाहेब बसल्या, आणि पहिल्या झोक्यास पाय सांडपाण्याच्या नळास लागले, आणि मागे येता अंबाडा तुळईवर आदळला. मग उतरोन बोलिल्या, "हा महाल की गोदाम? झोका घेता येईल तेव्हा बोलावणे पाठवा." आणि नावेत बसल्या.

राज्याची रीत ऐसी की दगडखाते, पाणीखाते आणि वीजखाते यांनी आपापले नकाशे आपापल्या कपाटात कुलपात ठेवावे. दुसऱ्यास दाखविणे हलकेपणाचे. आणि दगडखात्याने भिंत बांधिली म्हणजे पाणीखात्याने ती नळासाठी वाजतगाजत फोडावी. यास फोडीचा मान म्हणत, आणि फोडणारास फेटा व श्रीफळ मिळे. मग तोच नळ वीजखाते तोडी. ऐसा सज्जा कितीएक वेळा बांधिला आणि फोडिला, आणि महाराज रोज सांजवेळी तेथे जाऊन रिकाम्या कड्यांस हात लावीत, आणि खाडीपलीकडे बाईसाहेबांच्या माहेरचा चुलीचा धूर दिसे तो पाहत बसत, आणि आत ताट निवोन जाई.

मग दरबारी कावेरीबाई नामे स्थापत्यविशारद रुजू जाहल्या. त्यांनी बिम विद्या आणिली. तीत ऐसे की संगणकाच्या पडद्यावर अख्खा महाल विटेपासोन दिव्यापर्यंत आधी उभारावा, आणि सर्व खात्यांनी त्या एकाच महालात काम करावे, आणि जे आपटावयाचे ते पडद्यावरच आपटावे. महाराजांची आज्ञा होऊन कपाटे उघडली. तिन्ही खात्यांचे नकाशे एकत्र करिताच पडदा लालेलाल जाहला.

पाणीखात्याचे भिवजीराव बोलिले, "हे काय, महालास गोवर आला?"

कावेरीबाई बोलिल्या, "राव, तुमचा नळ आणि पंतांची तुळई एकाच जागी निजली, तेथे लाल दिसते."

दगडखात्याचे रंगोपंत उसळले, "मग आधी मी निजलो! उठा तुम्ही!" आणि कावेरीबाईंस म्हणाले, "बांधोन झाल्यावर फोडू की, बाई. आजवर कोणाचे काय अडले?"

तेव्हा महाराज हळूच बोलिले, "माझे अडले, पंत."

मग नळ मुकाट्याने बाजूस सरकला.

मग महाराज कावेरीबाईंसह पडदा घेऊन नावेतून सासुरवाडीस गेले. बाईसाहेब म्हणाल्या, "खरा धड नव्हता, आता चित्रातला आणलात?" परंतु माऊस हाती घेतला, आणि पडद्यातला जिना चढल्या, आणि सज्जात आल्या. झोपाळा मोकळा हालत होता. बाईसाहेबांनी माऊस फिरवोन झोपाळ्याची फळी पाहिली. मग विचारिले, "आणि इकडून कुठे बसायचे?"

महाराज चपापले. "आम्ही उभे राहू."

"जन्मभर?"

कावेरीबाईंनी तेथेच फळी रुंद केली. ती एके ठिकाणी रुंद होताच सर्व खात्यांच्या नकाशांत रुंद जाहली, आणि तुळई कमी पडते ऐसे तत्काळ लाल दिसले, आणि ती जाड केली, आणि काम दसऱ्याचे दिवाळीवर जाते हेही कळले. बाईसाहेब बोलिल्या, "मग दिवाळीस येते."

आजवर वाट पाहण्यास अंत नव्हता, म्हणोन महाराजांनी ती सोसली. आता तारीख कळली, आणि सोसवेना. रोज पडद्यात शिरत, आणि जिना चढत, आणि त्या रुंद फळीपाशी थांबत. कावेरीबाई म्हणत, "सरकार, पडदा सोडा, खाली गवंडी खोळंबलेत." महाराज म्हणत, "अंमळ थांबा, बाई. वारा सुटलाय." पडद्यात वारा नव्हता. बाई थांबत.

दिवाळीस महाल बोलिल्याप्रमाणे पुरा जाहला. एकही भिंत फुटली नाही. भिवजीराव फेट्यावाचोन हिरमुसले. बाईसाहेब आल्या, आणि झोपाळ्यावर बसल्या, आणि सरकोन जागा केली, आणि महाराज बसले.

तात्पर्य, या विद्येने वेळ वाचला, चुना वाचला, खात्याखात्यांतली भांडणे वाचली, ऐसे जाणते सांगतात. ते खरेच असेल. आम्ही सज्जाखाली उभे होतो. झोका पुढे गेला, मागे आला, आणि कोठे काही आपटले नाही.