मासे नसलेली स्वच्छ पेटी

पनवेलजवळच्या विचुंबे येथील एका नव्या गृहसंकुलाने 'स्वच्छ सोसायटी' स्पर्धेत भाग घेण्याचे ठरवले आणि त्यासाठी प्रवेशद्वाराशी माशांची काचपेटी बसवण्याचा ठराव एकमताने संमत केला. अध्यक्ष कृष्णकांत निवृत्त अधिकारी होते. पेटी येण्याआधीच त्यांनी मत्स्यपेटी उपसमिती नेमली. इमारतीत मासे पाळण्याचा अनुभव फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या कोमलला होता. म्हणून तिला सल्लागार केले आणि मतदानाचा हक्क दिला नाही.

कोमलने सांगितले, की नळाचे पाणी साठवून त्यातले क्लोरीन जाऊ द्यावे, चिमूटभर खाद्य टाकून फिल्टर काही आठवडे नुसता चालवावा आणि मग दोन-चार मासे सोडावेत. पण उद्घाटनाची तारीख जाहीर झालेली होती. दोन डझन मासे उद्घाटनाला हजर राहिले. कोमलने घरच्या पेटीतला जुना, काळपट स्पंज आणून फिल्टरमध्ये बसवला, म्हणून ते जगले.

स्पर्धेआधीच्या पाहणीत तो स्पंज कृष्णकांतांच्या हाती लागला.

"हे काय?"

"काका, ती घाण नाही. त्यात जिवाणू असतात. माशांच्या विष्ठेतलं विष तेच संपवतात. धुवायचाच असेल तर पेटीतल्याच पाण्यात हलकेच पिळू या."

"म्हणजे प्रवेशद्वाराशी जंतू आहेत?"

"चांगले जंतू, काका."

"आपल्याकडे कुत्रं पाळायला बंदी आहे. जंतूंना परवानगी कुणी दिली?"

सोसायटीच्या दप्तराचे कपाट शोधले. जंतूंच्या नावे परवानगी आढळली नाही. स्पंज ब्लीचिंग पावडरने घासून कडक उन्हात वाळवला. पेटीतले सगळे पाणी काढून थेट नळाचे भरले.

संध्याकाळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू-मिटू लागले. समितीने याची नोंद 'पाहुण्यांचे स्वागत' अशी केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोबाइल काढले. कोमलच्या सासू सोनाबाई उरणच्या कोळीवाड्यात वाढलेल्या. त्या गर्दीतून पुढे आल्या.

"हसता काय रं? त्यांचा जीव चाललाय. त्यांना श्वास घेता येत नाय!"

फ्लॅट मुलाच्या नावावर असल्याने सोनाबाई सभासद नव्हत्या. त्यांचे म्हणणे नोंदवता आले नाही.

मासे मरत गेले, पाणी गढूळ होत गेले. कृष्णकांतांनी चौकशी करून निष्कर्ष काढला: मासे सोडण्यापूर्वी पाणी स्वच्छ होते, सोडल्यानंतर बिघडले, सबब, अस्वच्छतेचे मूळ कारण मासे. उरलेले दोन मासे पेटीबाहेर काढण्याचा आदेश निघाला. कोमलने ते बादलीत घेतले. जिना चढताना तिला रडू आवरेना.

परीक्षक आले तेव्हा पाणी आरशासारखे होते आणि फिल्टर कोणत्याही अडथळ्याविना चालू होता.

"मासे कुठे आहेत?" एकाने विचारले.

"त्यांचं पुनर्वसन झालंय," कृष्णकांत म्हणाले.

परीक्षक पनवेलचेच होते; विमानतळासाठी उठवलेली गावे त्यांनी पाहिली होती. या शब्दानंतर पुढे विचारायचे नसते हे त्यांना ठाऊक होते. सोसायटीला पहिले बक्षीस मिळाले.

त्याच आठवड्यात कोमलला नोटीस आली: राहत्या घरात जंतूंचा साठा केल्याबद्दल पेटी तात्काळ हटवावी. खाली सर्व सभासदांच्या सह्या होत्या. मुलांना घेऊन तिच्याकडे मासे पाहायला येणाऱ्यांच्याही होत्या. एक सही तिच्या फारच ओळखीची होती.

"दीपेश, ही तुझी सही?"

"अगं, सोमवारी पार्किंगचं वाटप आहे," नवरा म्हणाला. "आत्ता कशाला वाकडं घ्यायचं?"

कोमलने पेटी रिक्षात घातली आणि माहेरी कळंबोलीला नेऊन ठेवली. तिथे ते दोन मासे मळक्या पाण्यात छान जगत आहेत. दीपेशला लिफ्टजवळची जागा मिळाली.

दीपेशला नावे ठेवायला हरकत नाही. फक्त त्याआधी, तुमच्या सोसायटीत पार्किंगचे वाटप कधी आहे, तेवढे बघून घ्या.