तळमजल्यावरचा हेसेद

चांगुलपणा करण्याआधी त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. न समजता केलेला चांगुलपणा अडाणी बायका करतात, आणि त्याची नोंद कुठेही होत नाही.

म्हणूनच यरुशलेममधल्या आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, सभास्थानात, 'हेसेद' या एका शब्दाचं अभ्यासमंडळ चालतं. आम्हा ज्यूंच्या हिब्रू धर्मग्रंथात हा शब्द अडीचशेच्या आसपास वेळा येतो. दया, माया, निष्ठा, दिल्या शब्दाला जागणं, असे त्याचे अर्थ. सहा वर्षांत मंडळाने त्यातल्या एकोणीस जागा पूर्ण केल्या. सभासद चौदा, सगळे पुरुष, सगळे विद्वान. (आमचे हेही त्यात आहेत. घरात मिठाचा डबा सापडत नाही, शब्दाचं मूळ बरोबर सापडतं.)

गेल्या मंगळवारी तिसऱ्या मजल्यावरची सुलताना वारली. तिचा मुलगा ओवाद्या सात दिवसांच्या सुतकात बुटक्या स्टुलावर बसलेला. त्याला घर सोडता येत नाही, आणि आईसाठीची प्रार्थना दहा पुरुष जमल्याशिवाय म्हणता येत नाही. म्हणजे लोकांनीच वर जायचं. पायऱ्या बावन्न.

गुरुवारी दुपारची प्रार्थना सूर्य बुडायच्या आत उरकायची होती. आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. दहा शब्दांचं एक वचन म्हणत माणशी एकेक शब्द ठेवतात. ओवाद्याकडे वचन आठव्या शब्दावर अडकलं. मी तिथेच उभी होते, पण मला त्यात धरत नाहीत. (मी जन्माला घातलेले पाच मुलगे धरतात.)

मी खाली गेले. "दोघं जण वर चला. ऊन उतरलंय."

"आजीबाई, जरा थांबा," मंडळाचे धर्मगुरू रब्बी एलियाकीम म्हणाले. "ऐन मुद्द्यावर आलोय. मेलेल्या माणसावर केलेला हेसेद हाच खरा, कारण मेलेला माणूस परतफेड करत नाही."

"मग उठा की! परतफेड न करणारी बाई तुमच्या डोक्यावरच राहत होती."

आमच्या ह्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अगं, अर्थ अर्धवट टाकून उठायचं?"

"गुडघे दुखतात म्हणा की सरळ."

यावर चर्चा झाली. लिफ्ट नसलेल्या इमारतीत हेसेद कितव्या मजल्यापर्यंत लागू होतो? पाच जण म्हणाले, तिसऱ्यापर्यंत. सहा जण म्हणाले, परिस्थिती पाहून. उरलेल्या तिघांना पुदिन्याचा चहा हवा होता.

मी वर आले. ओवाद्या पुस्तकात ओळीवर बोट ठेवून दारात उभा होता.

"मावशी, येतायत ना?"

"येतायत रे," मी म्हटलं.

समोरच्या गच्चीवरचं ऊन गेलं. त्याने बोट काढून घेतलं.

खाली मंडळाचा निर्णय एकमताने झाला: हेसेद म्हणजे न मागता धावून जाणं. दोघांचे डोळे पाणावले.

तुम्हालाही शब्द आवडला असेल. छान आहे, चारचौघांत सांगण्यासारखा आहे. फक्त त्याआधी एवढं सांगा, तुमच्या जिन्यात शेवटचं सुतक कोणाकडे होतं? सावकाश आठवा. तुमचाही अभ्यास चालू असेल.